अवॉर्ड लेटरवर 'बाकी शून्य' दिसतेय, तरी मुलीला त्या कॉलेजला जाऊ नको म्हणू का?

एडिसनची_उषा | 12 एप्रिल 2025, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण 1 मेच्या आत निर्णय घ्यायचा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. सत्तावीस वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी केली, गेल्या वर्षी निवृत्त झाले. सप्टेंबरपासून दर शनिवारी ट्रेनने न्यूअर्कला जाते आणि तिथल्या एका चार्टर हायस्कूलमध्ये बारावीच्या मुलांना कॉलेजचे अर्ज, फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) आणि निबंध यांत मदत करते. भारतातल्या वाचकांसाठी सांगते: चार्टर म्हणजे सरकारी पैशांवर चालणारी, बिनफीची, पण स्वतंत्र मंडळाच्या हातात असलेली शाळा. अर्ज जास्त आले तर प्रवेश सोडतीने. परवाना मुदतीचा असतो. आमच्या राज्यात पहिला चार वर्षांचा, पुढे पाच-पाच वर्षांचा, आणि काम पटलं नाही तर राज्य तो काढून घेऊ शकतं. आमच्या शाळेतली बहुतेक मुलं अशा घरांतली आहेत जिथे आधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. प्रत्येक वर्गाला एकेका कॉलेजचं नाव आहे, भिंतींवर कॉलेजांची तिकोनी निशाणं लावली आहेत, आणि नववीतली मुलंसुद्धा 'आम्ही 2028 ची बॅच' असं म्हणतात. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा मला भरून आलं होतं.

आता मुद्दा. माझ्याकडे येणारी एक मुलगी आहे, नाव लिहीत नाही. गणितात पक्की, नर्सिंगला जायचं म्हणते. आई इक्वेडोरची, रात्री ऑफिसं साफ करायला जाते. धाकटा भाऊ नऊ वर्षांचा, त्याला शाळेतून आणणं, जेवू घालणं हिच्याकडे. पेनसिल्वेनियातल्या एका खासगी कॉलेजने तिला घेतलंय. तिला ते फार आवडलंय. ऑक्टोबरमध्ये शाळेची बस घेऊन गेली होती, तेव्हापासून तिच्या फोनवर तिथल्या लायब्ररीचा फोटो आहे.

कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या पत्रातला, म्हणजे अवॉर्ड लेटरमधला, हिशेब असा. वर्षाचा एकूण खर्च 68,400 डॉलर. कॉलेजची ग्रँट 38,000. पेल ग्रँट (गरीब घरच्या मुलांना केंद्र सरकारची मदत, परत करावी लागत नाही) 7,395. सरकारी विद्यार्थी कर्ज 5,500. वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळवायचे पैसे) 2,500. पॅरेंट प्लस 15,005. खाली ठळक अक्षरांत: बाकी 0.

ती मला म्हणाली, "मिस, झीरो म्हणजे मला काहीच भरावं लागणार नाही ना?"

दुसरा पर्याय रटगर्सचा (आमच्या राज्याचं सरकारी विद्यापीठ), न्यूअर्कच्याच कॅम्पसचा. तिथे प्रवेश मिळालाय, घरून बसने जाता येईल, पण नर्सिंगच्या जागा मोजक्या असतात आणि तिला आत्ता तरी बायॉलॉजीतच घेतलंय. तिथलं मदतीचं पत्र अजून पूर्ण आलेलं नाही.

हिशेब मला कळतो हो. पॅरेंट प्लस म्हणजे आईच्या नावावरचं कर्ज, हे मी वाचताक्षणी ओळखलं. मला कळत नाही ते पुढचं. शाळेतल्या बाई म्हणतात की तिने हे कॉलेज सोडू नये, अशी संधी आमच्या मुलांना वारंवार मिळत नाही. मेमध्ये समारंभ आहे, मुलं आपापल्या कॉलेजचा टी-शर्ट घालून स्टेजवर जातात. मी शनिवारी येणारी बाई. उपनगरात राहते, माझी दोन्ही मुलं घरापासून दूर राहून शिकली, त्यांच्या फीचे चेक मीच लिहिले. मी कुठल्या तोंडाने तिला सांगू की तू घरी राहा?

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

शारदा_बॉस्टन | 13 एप्रिल 2025, सकाळी 7:15

उषाताई, मी बॉस्टनच्या एका चार्टर हायस्कूलमध्ये अकरा वर्षं कॉलेज कौन्सेलर आहे. एप्रिलमध्ये आमच्याकडे हाच प्रश्न रोज असतो. तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार असं विचारलंत. तुम्ही आकडे तिच्यासमोर मांडा, आईलाही बसवा, आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. पण आकडे मांडायचेच. ते कुणीतरी मांडायला हवेत, आणि बहुतेक शाळांत मार्चनंतर तेवढा वेळ कुणाकडे उरत नाही.

ते पत्र मी आमच्या मुलांना कसं वाचायला लावते ते सांगते. दोन रंगांचे हायलायटर घ्यायचे. परत करावं न लागणारं हिरव्याने, बाकीचं केशरीने. तुमच्या पत्रात हिरवं आहे 38,000 आणि 7,395, म्हणजे 45,395. 68,400 मधून वजा केलं की 23,005. हा खरा आकडा, एका वर्षाचा. वर्क-स्टडी केशरीच धरा, कारण ते पैसे आधी मिळत नाहीत. नोकरी शोधावी लागते, तास भरावे लागतात, मग चेक येतो, आणि फीचं बिल ऑगस्टमध्येच दारात असतं. मग त्याला चारने गुणायचं. 92,020. तेही कॉलेजने फी एका डॉलरने वाढवली नाही तर, आणि तसं सहसा होत नाही.

पॅरेंट प्लसबद्दल आईला तीन गोष्टी स्पष्ट सांगा, शक्य तर तिच्या भाषेत बोलणारं कुणी बरोबर घेऊन. एक, हे कर्ज देताना आईची कमाई किती हे बघतच नाहीत. क्रेडिटवर मोठा डाग नसला की मंजूर. त्यामुळे 'सरकारने दिलं म्हणजे झेपत असेल' असं लोकांना वाटतं. दुसरं, ते कायम आईच्या नावावर राहतं, मुलगी नर्स झाली तरी तिच्या नावावर करता येत नाही. तिसरं व्याज. 2024-25 या शैक्षणिक वर्षाचा दर 9.08 टक्के होता, वर सुमारे सव्वाचार टक्के फी कापूनच पैसे हातात येतात. चार वर्षं 15,005 घेतले तर मुद्दल 60,020. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला साधारण 760 डॉलर, आणि मुलगी शिकत असतानाचं चढलेलं व्याज यात मी धरलेलंच नाही. रात्री ऑफिसं झाडणाऱ्या बाईला हा आकडा 'महिन्याला' असाच सांगा. साठ हजार म्हटलं की तो कुणालाच नीट दिसत नाही. आमच्याकडे एक वडील साठ हजार ऐकून नुसते मान हलवत होते, महिन्याचा हप्ता सांगितल्यावर खुर्चीत सरळ बसले.

माझ्या पहिल्या तुकडीतल्या एका मुलाबद्दल लिहिते, कारण तो डोक्यातून जात नाही. 2015 ची बॅच. त्याला न्यू हॅम्पशरमधल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा मी त्याच्याबरोबर कॉरिडॉरमध्ये अक्षरशः नाचले होते. पत्रात असंच शून्य होतं. दुसऱ्या वर्षी आईला प्लस कर्ज नाकारलं, तेव्हा त्याला स्वतःच्या नावावर थोडं जास्त कर्ज मिळालं, पण पुरलं नाही. फेब्रुवारीत तो बॅग घेऊन घरी आला. 3,200 डॉलर थकले होते आणि ते भरल्याशिवाय कॉलेज ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) देईना, म्हणजे केलेले कोर्सही दुसरीकडे नेता येईनात. आमच्या शाळेच्या त्या वर्षीच्या आकड्यात तो 'चार वर्षांच्या कॉलेजात दाखल' म्हणून मोजला गेला. आजही त्या पत्रकात तो तसाच आहे. ते पत्र मी त्याला नीट वाचून दाखवलं नव्हतं.

म्हणून मला केआयपीपीने 2011 मध्ये जे केलं त्याचा आदर वाटतो. ह्यूस्टनमध्ये 1994 साली पाचवीच्या एका वर्गापासून सुरू झालेलं हे चार्टरचं मोठं जाळं. त्यांनी आपल्या सगळ्यात जुन्या मुलांचा शोध घेतला आणि स्वतःच अहवाल छापला: त्यांच्याकडे मिडल स्कूल पूर्ण करून दहा किंवा जास्त वर्षं झालेल्यांपैकी 33 टक्के मुलांनी चार वर्षांची पदवी पूर्ण केली होती. देशातल्या गरीब घरांतल्या मुलांचं प्रमाण तेव्हा 8 टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे चौपट. तरीही ते म्हणाले की आमचं लक्ष्य 75 आहे आणि आम्ही कमी पडलो. त्यानंतर अशा शाळांत कौन्सेलरचं काम दीक्षांत समारंभाला संपेनासं झालं. कॉलेजात गेलेल्या मुलांनाही फोन करायचा, भेटायला जायचं, फॉर्म भरून घ्यायचे. आमच्या शाळेत मी आणि एक सहकारी मिळून सध्या 140 माजी विद्यार्थ्यांचा पाठपुरावा करतो.

तुमच्या मुलीसाठी आता काय करायचं? खासगी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला मुलीने स्वतः फोन करायचा आणि फेरविचाराची विनंती द्यायची. आईचे कामाचे तास कमी झाले असतील, घरात आजारपणाचा खर्च असेल, तर कागद जोडायचे. त्यांची 38,000 ची ग्रँट दर वर्षी तेवढीच मिळणार का आणि त्यासाठी किती जीपीए (सरासरी गुणांक) राखावा लागेल, हेही लेखी विचारायचं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी भल्याभल्या मुलांचा जीपीए घसरतो.

आणि रटगर्सच्या अर्जात ईओएफची खूण केली होती का, हे आजच बघा. एज्युकेशनल ऑपर्च्युनिटी फंड, तुमच्या राज्यात 1968 पासून आहे. गरीब घरच्या मुलांना नुसती ग्रँट नाही, तर स्वतंत्र सल्लागार, शिकवण्या, आणि पहिल्या वर्षाआधीचा उन्हाळी वर्ग असतो. न्यूअर्कच्या जवळपासच्या कॉलेजांत ती जागा मिळणं हे मी खासगी कॉलेजच्या नावापेक्षा वर धरेन. खूण राहिली असेल तर कार्यालयात जाऊन उभं राहायचं. ईमेल करत बसू नका.

पाटीपेन्सिल | 13 एप्रिल 2025, दुपारी 1:05

मी जर्सी सिटीत डिस्ट्रिक्टच्या सरकारी शाळेत शिकवते, म्हणून माझं मत एका बाजूचं वाटेल. तरी लिहिते.

उषाताई, तुमच्या शाळेच्या दारावर 'आमच्या 100 टक्के मुलांना कॉलेजात प्रवेश' असा फलक असेल. असला तर एकदा नम्रपणे विचारा की आज बारावीत असलेली ही बॅच नववीत किती मुलांची होती. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत माझ्या वर्गात दोन-तीन मुलं नव्याने येतात. विचारलं की म्हणतात, चार्टरमध्ये होतो, नववी पुन्हा कर म्हणाले, किंवा बेशिस्तीचे शेरे फार साठले, मग आईने काढलं. आमच्याकडे मूल कधीही आलं तरी घ्यावंच लागतं. काही चार्टर वरच्या वर्गांतल्या रिकाम्या झालेल्या जागा भरतच नाहीत. नववीत एकशे वीस आणि बारावीत ऐंशी असतील तर शंभर टक्के कशाचे, हा प्रश्न मला दर जूनमध्ये पडतो.

त्या शाळांत काम होत नाही असं मी म्हणत नाही. स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राचा 2015 चा अभ्यास मी वाचलाय, 41 शहरी भागांतला: तिथली चार्टरची मुलं तशाच सरकारी शाळांतल्या मुलांपेक्षा गणितात वर्षाला 40 दिवसांच्या शिकवणीइतकी आणि वाचनात 28 दिवसांइतकी पुढे होती. दिवस मोठा, गणिताचे दोन तास, शनिवारी शाळा, फरक पडणारच. माझी तक्रार एवढीच, की गेलेल्या मुलांची नोंद कुणी ठेवत नाही, आणि ती माझ्यासमोर बसलेली असतात.

तुमच्या मुलीबद्दल शारदाताईंशी सहमत.

दूरचा_किनारा | 13 एप्रिल 2025, रात्री 9:30

मी जरा वेगळं मत मांडतो. पेनसिल्वेनियातल्याच एका छोट्या निवासी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो (उषाताईंच्या पत्रातलं कॉलेज ते नसावं, आमची रचना वेगळी आहे).

घरी राहून शिकण्याची किंमत पत्रात छापलेली नसते. या मुलीकडे भाऊ आहे, त्याचं जेवण आहे, आई रात्रपाळीला. ती घरी राहिली तर कॉलेज हे तिच्या दिवसातलं तिसरं काम होईल. ऑरगॅनिक केमिस्ट्री अशी शिकता येत नाही. प्रयोगशाळा संध्याकाळी सहापर्यंत चालते, तेव्हा भावाला शाळेतून कोण आणणार? घरून येणाऱ्या हुशार मुली तिसऱ्या सत्रात एक कोर्स सोडतात, चौथ्यात दोन, आणि मग 'थोडा ब्रेक घेते' म्हणतात. आमच्याकडे पॉसी फाउंडेशनची मुलं येतात. एकाच शहरातली दहा-दहा मुलं एकत्र पाठवायची, म्हणजे कुणी एकटं पडत नाही, अशी ती 1989 पासूनची कल्पना. त्यांची ट्यूशन पूर्ण माफ असते. त्या मुलांना खोलीचं दार लावून तीन तास सलग वाचता येतं हेच आधी नवीन असतं. एका मुलीने मला पहिल्या महिन्यात सांगितलं होतं की इथे रात्री मला कुणी हाक मारत नाही.

गरीब मुलांना सतत 'जवळचं, स्वस्तातलं बघ' असं सांगत राहिलं तर ती आपल्या कुवतीपेक्षा खालच्या कॉलेजात जातात आणि तिथून पदवी पूर्ण होण्याची शक्यताही कमी होते. आपल्या मुलांना आपण असं सांगितलं नसतं.

मात्र या मुलीचं पत्र वाचून मी असंच म्हणेन की हे कॉलेज तिची गरज भागवत नाहीये. गरज पूर्ण भागवू, कर्ज देणार नाही, असं म्हणणारी कॉलेजं आहेत, पण त्यांना अर्ज करायची मुदत कधीच उलटून गेली. गरीब हुशार मुलांना अशा कॉलेजांशी जोडून देणाऱ्या क्वेस्टब्रिजचा अर्ज तर सप्टेंबरच्या शेवटीच जातो. पुढच्या बॅचसाठी उषाताईंनी जूनमध्येच अकरावीच्या मुलांना गाठावं. तिथे तुमचा हिशेब जास्त कामी येईल.

शारदा_बॉस्टन | 14 एप्रिल 2025, सकाळी 6:50

किनाराजी, तुमचं खरं आहे, आणि भावाचा मुद्दा मी लिहायला हवा होता. घरून शिकणाऱ्या मुलीसाठी आम्ही आईबरोबर बसून आठवड्याचं वेळापत्रकच लिहितो: कुठले तीन दिवस भावाला दुसरं कुणी आणेल, लायब्ररीत किती वाजेपर्यंत थांबायचं. आईने कागदावर सही करायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या कागदाचा फार उपयोग होतो, कारण नोव्हेंबरमध्ये मुलगी आईला तो दाखवू शकते.

कॉलेजची तुलना करताना सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्ड साइटवर दोन्ही कॉलेजांचं पदवी पूर्ण होण्याचं प्रमाण बघा. खासगी आहे म्हणून ते जास्तच असेल असं समजू नका. कित्येकदा मुलं महागड्या कॉलेजचं पत्र आणि सरकारी कॉलेजचं पत्र शेजारी ठेवतात आणि हा आकडा जवळपास सारखाच निघतो.

गणितमास्तर | 14 एप्रिल 2025, दुपारी 4:20

न्यूयॉर्कला क्यूनीच्या (शहराचं सरकारी विद्यापीठ) कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात, गणित शिकवतो. एकच भर घालतो.

2007 पासून आमच्याकडे एसॅप नावाचा कार्यक्रम आहे. पूर्णवेळ शिकायचं, सल्लागाराला ठरलेल्या वेळी भेटायचंच, बदल्यात उरलेली ट्यूशन माफ, पुस्तकांना मदत आणि बस-सबवेचं कार्ड (पूर्वी मेट्रोकार्ड). एमडीआरसी या संशोधन संस्थेने सोडतीने दोन गट पाडून तपासलं: तीन वर्षांच्या आत ही दोन वर्षांची पदवी घेणारे या गटात 40 टक्के, दुसऱ्यात 22. कॉलेजं तीच, मुलं तशीच. मेट्रोकार्ड न मिळाल्यामुळे वर्ग बुडवणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून हा निकाल आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. ईओएफची जात तीच आहे. उषाताई, कॉलेजच्या नावाआधी 'तिथे हिला नावाने ओळखणारं, दर पंधरा दिवसांनी भेटणारं कोण असेल' हे विचारा.

आणि प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कॉलेजात गणिताच्या कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा! बारावीत कॅल्क्युलस केलेली मुलं उन्हाळ्यात सराव न करता टेस्ट देतात आणि खालच्या गणितात पडतात. ते टाळता आलं तर एक सत्र वाचतं.

शारदा_बॉस्टन | 14 एप्रिल 2025, रात्री 8:10

मास्तरांनी उन्हाळ्याचा विषय काढलाच आहे तर तेवढं सांगून थांबते. मेमध्ये कॉलेज ठरलेल्या मुलांपैकी 10 ते 20 टक्के मुलं सप्टेंबरमध्ये कुठेच पोहोचत नाहीत, गरीब घरच्या मुलांत हे प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत जातं. कॅसलमन आणि पेज या दोन संशोधकांनी हे मोजलंय, 'समर मेल्ट' म्हणतात त्याला. शाळा सुटलेली, कॉलेज सुरू नाही, मधल्या दहा आठवड्यांत मूल कुणाचंच नसतं. आणि नेमके तेव्हाच कागद येतात. लसीकरणाची नोंद मागतात. फाफ्साची पडताळणी लागते, तिला आईचे कराचे कागद हवेत. कॉलेजच्या आरोग्य विम्याचे पैसे बिलात आपोआप येतात. घरचा विमा असेल तर ते काढून टाकायला वेव्हर ('हा विमा नको' असा फॉर्म) भरावं लागतं, आणि ते कुणी सांगत नाही. आमच्या एका मुलीने अडीच हजारांचं बिल बघून कॉलेजच सोडायचं ठरवलं होतं, बिलातला मोठा भाग विमाच होता. मी जूनपासून ऑगस्टपर्यंत मुलांना मेसेज करते. फोन उचलत नाहीत, पण मेसेजला उत्तर देतात.

उषाताई, तुम्ही उन्हाळ्यातले शनिवारही द्या. ते सप्टेंबरच्या शनिवारांपेक्षा मोलाचे आहेत.

एडिसनची_उषा | 17 मे 2025, संध्याकाळी 6:00

मंडळी, उशीर झाला, पण काय झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

ईओएफची खूण राहिली होती. 15 एप्रिलला, मंगळवारी, मी आणि ती न्यूअर्क पेन स्टेशनहून चालत रटगर्सच्या कार्यालयात गेलो आणि तिथल्या बाईंसमोर बसलो. बाईंनी तिला वीस मिनिटं प्रश्न विचारले. तेवढा वेळ मी बाहेर थांबले. आठ दिवसांनी जागा मिळाल्याचं कळलं. पेल, राज्याची टॅग ग्रँट आणि ईओएफ मिळून ट्यूशन आणि फी भागते. पुस्तकं, बस आणि जेवण तिने बघायचं.

खासगी कॉलेजने फेरविचारात 4,000 वाढवले. त्या दिवशी ती खूप आनंदात होती, आणि मलाही क्षणभर वाटलं की आपण चुकतोय का. मग शनिवारी आई आली, रात्रपाळी करून थेट. शाळेतल्या स्पॅनिशच्या शिक्षिका बसल्या. मी हायलायटर घेतले. वाढीव चार हजार धरूनही चार वर्षांचं प्लस कर्ज 44,020, महिन्याचा हप्ता 560 च्या घरात. आईने तो आकडा बोटाने दाखवून विचारलं, हे किती वर्षं? दहा, म्हटल्यावर ती मुलीकडे न बघता म्हणाली की मी भरेन. मुलगी रडायला लागली. तिने मला नंतर सांगितलं की आई 'नाही' म्हणाली असती तर ती भांडली असती, आई 'हो' म्हणाली म्हणून तिला तिथे जाववेना.

घरी जाऊन तिने स्वतः ठरवलं. 28 एप्रिलला मला मेसेज आला, एवढाच: "मिस, रटगर्स. पण लायब्ररीचा फोटो ठेवणार आहे." मी ट्रेनमध्ये होते. एडिसन स्टेशन मागे पडलं तरी मला कळलं नाही.

शाळेतल्या बाई नाराज होत्या. मी त्यांच्याशी बोलले. त्याही चुकीच्या नाहीत. त्यांच्या डोक्यात गेल्या वर्षीचा गोंधळ ताजा आहे, फाफ्सा ऑक्टोबरऐवजी डिसेंबरच्या शेवटी आला आणि कितीतरी मुलांची पत्रं मेपर्यंत आलीच नव्हती. यंदा वेळेवर काही हाती लागलं तर ते सुटू नये असं त्यांना वाटतं. पाटीपेन्सिल, तुमचा प्रश्नही मी त्यांना विचारला. नववीत 104 होती, आज 79 आहेत. गेलेल्या 25 पैकी किती जण आज कुठे शिकतायत हे त्यांच्याकडे लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, शोधूया. मी यादी करायला बसणार आहे, हे काम माझ्या सवयीचं आहे.

किनाराजी, वेळापत्रक केलं. भावाला शाळेनंतरच्या वर्गात जागा मिळाली, सोमवार ते गुरुवार साडेपाचपर्यंत. शुक्रवार शेजारच्या आजींकडे. आईची सही आहे. आणि अकरावीची 11 मुलं पुढच्या शनिवारपासून माझ्याकडे येणार आहेत, क्वेस्टब्रिजसाठी कुणाची कागदपत्रं बसतात ते आत्ताच बघायचं.

परवाच्या समारंभात ती लाल टी-शर्ट घालून स्टेजवर गेली. न्यूअर्कचं कॉलेज म्हटल्यावर सगळ्यात मोठा आवाज मागच्या रांगेतून आला, तिथे तिच्या आईबरोबर कामाला असणाऱ्या चार बायका बसल्या होत्या.

नर्सिंगचं अजून टांगणीवर आहे. बायॉलॉजीतून तिकडे जाता येतं का, कुठले कोर्स आधी लागतात, हे ईओएफच्या सल्लागाराला विचारायचं ठरलंय. गणितमास्तर, प्लेसमेंट टेस्ट जूनमध्ये आहे आणि तिने प्री-कॅल्क्युलसपर्यंत केलंय. मी तिच्याकडून रोज काय सोडवून घेऊ ते सांगाल का? अपूर्णांक आणि लॉगॅरिदम इथे ती अडखळते.